मोठ्या काळजाचे घराणे

आमच्या घराण्यात मोठ्या काळजाची माणसे फार, असे माझी आजी सांगत असे. तिच्या लेखी मोठे काळीज म्हणजे रात्री-अपरात्री मळ्यातून एकट्याने घरी येणे, दारी आलेल्याला उपाशी न पाठवणे आणि उसने दिलेले पैसे विसरून जाणे. यांतला तिसरा गुण माझ्यात मुळीच उतरला नाही. मी पस्तीस वर्षे बँकेत काढली. शिवाय काळीज या शब्दाचे मोठे गौडबंगाल आहे. कवी त्याला हृदय समजतात, खाटीक यकृत समजतो, आणि दोघांचेही धंदे बिनबोभाट चालू आहेत. मात्र गेल्या वर्षी आमच्या घरात एकाच आठवड्यात दोघांची हृदये मोठी निघाली, तीही मिलिमीटरच्या मापाने, आणि या शब्दाचा अर्थ मला उतारवयात डॉक्टरांकडून शिकावा लागला.

आमचे गाव अवसरी बुद्रुक. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले की मंचर लागते. तिथून आत वळायचे. खुर्द म्हणजे धाकटी अवसरी आणि बुद्रुक म्हणजे थोरली, एवढे फारसी आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येते. डिंभे धरणाचे पाणी फिरले आणि तालुक्याची कळा पालटली. ऊस आला, कांदा-बटाटा आला, आणि उसाच्या मागोमाग त्यात लपायला बिबट्याही आला. थोरले बंधू गावी शेती पाहतात. त्यांचा धाकटा मुलगा तेवीस वर्षांचा. शाळेत आठवीला असल्यापासून तो धावतो आहे. पदवी झाली, आता पोलीस भरती. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळा, हे त्याचे तीन वेद. पण त्याचा खरा जीव लांबच्या धावण्यात. पहाटे पाचला उठून तो बारा-पंधरा किलोमीटर धावून येई. बिबट्याने वाट सोडावी म्हणून खिशातल्या मोबाइलवर मोठ्याने भजन लावून धावे. वहिनी हातात बॅटरी घेऊन बांधावर उभ्या राहात, भजन लांब जाताना आणि पुन्हा जवळ येताना ऐकत. वर्षानुवर्षे त्यांनी हे केले आणि कधी तक्रार केली नाही.

त्या वहिनी एका कागदाला भ्यायल्या. भरतीच्या तयारीच्या एका शिबिरात मुलांचे कार्डिओग्राम काढले होते. यंत्रातून निघालेल्या पट्टीवर यंत्रानेच शेरा छापला होता: नाडी ४२, हृदयाचा डावा खालचा कप्पा वाढल्याची शंका, वरच्या कप्प्याकडून खालच्या कप्प्याकडे जाणाऱ्या विजेच्या निरोपाला विलंब. तिथल्या डॉक्टरांनी खाली पेनाने लिहिले, "धावणे तूर्त बंद. हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे." पोराला काहीच होत नव्हते; आदल्याच दिवशी तो पंधरा किलोमीटर धावला होता. पण घरात चूल पेटली नाही.

माझा रक्तदाब वीस वर्षांचा जुना आहे, त्यामुळे पुण्यात हृदयाचे डॉक्टर आमच्या अगदी घरोब्याचे. ते वयाने मोठे आहेत आणि बोलके आहेत. हल्ली हे दोन्ही गुण एका डॉक्टरात सापडत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जायचे ठरले. वहिनी आणि पुतण्या रात्री आमच्याकडे मुक्कामाला आली. जेवणे झाल्यावर पोरगा गच्चीवर गेला, तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगू? उद्या डॉक्टरांपुढं तात्यांचं काही काढू नका."

तात्या म्हणजे आमचे धाकटे चुलते. १९७३ च्या चैत्रात ते गेले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. दुष्काळ सगळ्या मुलुखावर पसरला होता, माणसे सरकारी कामावर खडी फोडत होती, मुलांना सुकडी मिळत होती. यात्रा करू नये असेच गावाचे मत होते, पण देवाचे वर्षाचे चुकवू नये म्हणून पालखी आणि कुस्त्या तेवढ्या ठेवल्या. तात्या तीस वर्षांचे होते. गावच्या तालमीत रोज जोर-बैठका मारून कमावलेले अंग, फेटा बांधला की दाराच्या चौकटीला लागे. त्यांनी कुस्ती जिंकली. फेटा हातात धरून फडभर फिरले, लोकांनी त्यात नाणी टाकली. मग ते हौद्याच्या कडेला बसले, आणि बसल्या जागी कलंडले. कुणी म्हणाले दृष्ट लागली, कुणी म्हणाले घामाच्या अंगाने पाणी प्यायले, कुणी म्हणाले दुष्काळात खुराक तुटला होता. चिरफाड वगैरे त्या काळी कोण करतो? तात्यांचा विषय आमच्या घरात पुढे कधी निघत नसे.

वहिनींचे म्हणणे मला कळत होते. तात्यांचे नाव निघाले की पोराची भरती संपली, असे त्यांना वाटत होते. एकदा कागदावर आले की ते पुसता येत नाही. मी बँकेतला माणूस, कागदाची दहशत मला समजावून सांगावी लागत नाही. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासता तपासता विचारलेच. धावताना कधी चक्कर आली का, छातीत दुखले का, शुद्ध हरपली का, असे प्रश्न झाले. पोराने नाही म्हटले. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "घरात कुणी तरुणपणी एकाएकी गेलं आहे का?" वहिनी भिंतीवरचे कॅलेंडर पाहू लागल्या. मी तात्यांचे सगळे सांगितले, फेट्यातल्या नाण्यांसह. वहिनी त्यानंतर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

डॉक्टरांनी आधी नाडीचा हिशेब सांगितला, आणि तो माझ्या पेशाला मानवण्याजोगा होता. निवांत बसलेल्या माणसाच्या देहाला मिनिटाला पाच लिटरच्या आसपास रक्त लागते. साधारण माणसाचे हृदय एका ठोक्यात सत्तर मिलिलिटर रक्त ढकलते आणि मिनिटाला बहात्तर वेळा चालते. गुणाकार करा, ५,०४०. धावून तयार झालेले हृदय एका ठोक्यात एकशेवीस मिलिलिटर ढकलत असेल, तर त्याला बेचाळीस ठोके पुरतात. पुन्हा गुणाकार करा, तेच ५,०४०. मी घरी येऊन दिवसाचाही ताळेबंद काढला. बहात्तरच्या हिशेबाने चोवीस तासांत १,०३,६८० ठोके, बेचाळीसच्या हिशेबाने ६०,४८०. रोजची बचत ४३,२००! इतका व्याजदर आमच्या बँकेने कधी दिला नाही.

पण खरी गंमत विसाव्यात नाही, धावण्यात आहे. जिवाच्या आकांताने धावताना नाडी किती चढेल हे मुख्यतः वयावर ठरते. तेवीस वर्षांच्या धावपटूची आणि तेवीस वर्षांच्या कारकुनाची कमाल नाडी दोनशेच्या आतबाहेर सारखीच. सरावाने ती वाढत नाही. वाढते ते ठोक्यागणिक जाणारे रक्त. कारकुनाचे हृदय फार तर मिनिटाला वीस लिटर देईल, चांगल्या धावपटूचे तीस देईल, आणि जगातल्या अव्वल माणसांचे चाळीसच्या घरात जाते. हे कसे घडते? आधी रक्तच वाढते. सराव सुरू झाला की पहिल्या काही आठवड्यांत रक्तातले पाणी वाढून एकूण साठा वाढतो. पायांचे स्नायू मागणी करतात, परत येणारा लोंढा मोठा होतो, हृदयाचे कप्पे रोज तास-दीड तास भरभरून ताणले जातात. नवे तंतू जवळजवळ तयार होत नाहीत. आहेत तेच लांब होतात, जाड होतात. खोली मोठी होते, आणि मोठ्या खोलीला पेलेल एवढी भिंतही जाड होते. नाडी उतरते ती काही अंशी मेंदूकडून येणाऱ्या लगामाच्या शिरेचा जोर वाढल्यामुळे आणि काही अंशी ठोका जिथे जन्मतो ती जागाच मंदावल्यामुळे. यंत्राला जो विलंब दिसला होता, तोही या लगामाचाच.

"म्हणजे याला काही झालं नाही?" वहिनींनी विचारले. त्या डॉक्टरांशी बोलत होत्या; माझ्याशी अबोला होता.

"तसं आज सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

कारण हृदयाची भिंत जाड करणारा एक आजारही आहे, आणि तो वंशपरंपरेने येतो. पाचशे माणसांत एखाद्याला असतो. त्यात स्नायूचे तंतू अस्ताव्यस्त वाढतात, भिंत जाड होते पण खोली आक्रसते, आणि कधी कधी ऐन भरात, मैदानावर, विजेचा तोल जाऊन हृदय थांबते. आईबापांपैकी एकाला असेल तर मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. तात्यांना तोच असेल, तर तो आमच्या वडिलांतही असू शकतो, थोरल्या बंधूंत असू शकतो, पोरात असू शकतो. "आणि तुमच्यातही," डॉक्टर मला म्हणाले, "तुमचीही भिंत जाड आहे. इतके दिवस मी ती रक्तदाबाच्या खात्यावर टाकत होतो. आता तुमचाही इको पुन्हा बघतो." सोबत म्हणून गेलेला मी असा रुग्णाच्या बाकावर जाऊन बसलो.

इको म्हणजे ध्वनिलहरींनी काढलेले हृदयाचे चालते चित्र. स्वीडनमध्ये १९५३ साली एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी ही युक्ती हृदयावर प्रथम चालवली. अंधाऱ्या खोलीत कुशीवर निजवतात, छातीवर थंडगार चिकट लेप लावतात आणि पडद्यावर आपले काळीज उघडमीट करताना आपल्यालाच दिसते. पाहताना थोडे परक्याच्या घरात डोकावल्यासारखे वाटते. आमच्या दोघांचे माप आले. डाव्या कप्प्याची भिंत पुतण्याची तेरा मिलिमीटर, आणि माझीही तेरा! एरवी ती दहा-अकराच्या आत असते. पण पोराच्या कप्प्याची रुंदी एकोणसाठ होती आणि माझी सेहेचाळीस. डॉक्टरांनी हे आमच्या गावच्या भाषेत सांगितले. त्याने वाड्याचे जोते वाढवले, खोली मोठी केली आणि त्या मापाची भिंत घातली. माझ्या भिंतीला मात्र बाहेरून चोवीस तास दाब. तिने आतल्या बाजूने लिंपण चढवले, खोली तेवढीच राहिली, आणि भिंत ताठरली. त्याच्या हृदयावर ओझे दिवसातून दीड तास असते आणि मग विश्रांती असते. माझ्यावर ते झोपेतही असते. त्याचा कप्पा सैल होऊन झरझर भरतो; माझा कुरकुरत भरतो. कागदावर मात्र दोघांचाही शेरा एकच: हृदय वाढलेले.

तरीही तेरा या आकड्याने डॉक्टर बेचैन होते. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूची वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे, त्यामुळे तिथे या विषयाचे भांडार आहे. तिथल्या डॉक्टरांनी ९४७ अव्वल खेळाडूंची मापे १९९१ साली छापली. तेरा किंवा त्याहून जाड भिंत निघाली फक्त सोळा जणांची, आणि तेही जवळजवळ सगळे नावा वल्हवणारे. सोळांच्याही सोळा कप्प्यांची रुंदी वाढलेली होती, हे आमच्या पोराच्या बाजूचे. पण तो वल्हवणारा नव्हता, आणि घरात तात्या होते, हे विरुद्ध बाजूचे. जनुकांची तपासणीही असते. मात्र तिने दोष दाखवला तर खरा, नाही दाखवला म्हणून आजार नाहीच असे म्हणता येत नाही. उरला एक जुना आणि बिनखर्चाचा उपाय. तीन महिने पळायचे नाही, जोर-बैठका नाहीत, काही नाही. सरावाने चढलेली भिंत सराव सोडला की उतरते. आजाराची भिंत उतरत नाही.

बिनखर्चाचा म्हणायचा एवढेच. त्या तीन महिन्यांतच भरतीची मैदानी चाचणी होती.

पोरगा त्या दिवशी काही बोलला नाही. रात्री मात्र गच्चीवर मला म्हणाला, "काका, तुम्ही सांगितलं नसतं तर मी मैदान मारलं असतं." मी हो म्हटले. खोटे कशाला बोला? तो म्हणाला, "आणि सांगितलं नसतं, अन् मैदानात तात्यांसारखं झालं असतं तर?" मी पुन्हा हो म्हटले. मग आम्ही बराच वेळ खालच्या रस्त्यावरची वाहने पाहात बसलो.

खेळाडूच्या मोठ्या हृदयाचा हा संशय आजचा नाही. १८९९ साली उप्साला येथील हेन्शेन नावाच्या डॉक्टरांनी बर्फावरून लांब पल्ल्याच्या शर्यती धावणाऱ्या स्कीपटूंच्या छातीवर नुसत्या बोटांनी टिचक्या मारून, आवाजावरून हृदयाची हद्द आखली. कलिंगड पाहतात तशी! त्यांना ती हृदये मोठी आढळली, आणि जास्त काम ओढणारे मोठे हृदय हे चांगलेच लक्षण असा त्यांनी निर्वाळा दिला. तरी पुढे कित्येक वर्षे डॉक्टर त्याला रोगच समजत राहिले. १९७५ मध्ये अमेरिकेत मॉर्गनरॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावणारे-पोहणारे एका बाजूला आणि पैलवान व गोळाफेके दुसऱ्या बाजूला अशी इकोने तुलना केली. धावणाऱ्यांची खोली वाढते, पैलवानांची भिंत, असा त्यांचा निष्कर्ष. ही वाटणी इतकी चोख नसते असे पुढच्या अभ्यासांत दिसले; पण त्यामागचा विचार आमच्या तालमीत जाऊन पाहिला तर पटतो. धावणाऱ्याच्या हृदयाला लोंढा सोसायचा असतो. कब्जा घेऊन दम कोंडलेल्या पैलवानाच्या हृदयाला दाब सोसायचा असतो. तात्यांची भिंत यातली होती की त्या दुसऱ्या आजारातली, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

डॉक्टरांकडे वाट पाहताना मला आणखी एक गोष्ट आठवत राही. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती झाल्या, तेव्हा जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. शेतात राबणारी, साध्या भाकरीवर वाढलेली खेड्यातली पोरे अनवाणी धावली, आणि त्यांची धाव पाहून दोराबजींच्या मनात आले की हिंदुस्थानने ऑलिंपिकला माणसे पाठवावीत. दुसऱ्याच वर्षी अँटवर्पला संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. ते मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, वेळ २ तास ५० मिनिटे. त्यांचा कार्डिओग्राम त्या काळी कुणी काढला असता, तर कदाचित त्यांनाही कुणी घरी बसवले असते. याचा अर्थ तपासू नये असा नव्हे. पण धावणाऱ्या माणसाचा कागद धावणाऱ्या माणसाचा म्हणूनच वाचावा लागतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो बसलेल्या माणसाच्या मापाने वाचला जातो, एवढे मला वाटते. आमच्या सोसायटीत मनगटावर महागडी घड्याळे बांधून चाळिशीनंतर मॅरेथॉन धावणारी मंडळी आहेत. त्यांनाही डॉक्टरांचे एक सांगणे आहे: वर्षानुवर्षे अतिरेकी पल्ले धावणाऱ्यांत हृदयाचे वरचे कप्पे ताणले जाऊन ठोक्यांची लय बिघडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते. फार थोडे धावणाऱ्यांनी मात्र या वाक्याचा आधार घेऊन पडून राहू नये.

पडून राहण्याचीही परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत डॅलस येथे १९६६ साली विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे नुसते अंथरुणात ठेवले. त्यांची दमाची ताकद धाडकन उतरली. मग सरावाने पुन्हा चढली. त्याच पाच जणांना १९९६ मध्ये, पन्नाशीत, पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने त्यांचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केले होते! डॉक्टरांनी हे मला सांगितले ते काही माहितीसाठी नव्हे. "रक्तदाबाची गोळी घेता हे ठीक," ते म्हणाले, "पण चालायला कधी लागणार?" पन्नाशीच्या आतबाहेर आठवड्यातून चार-पाच दिवस, दोन वर्षे नेटाने व्यायाम केला तर ताठरलेली भिंत काही अंशी पुन्हा मऊ होते, असेही २०१८ साली दिसून आले आहे. साठीनंतरचे काय, असे मी विचारले. ते म्हणाले, "लवकर सुरू करायला हवं होतं. म्हणून आजच करा."

ते तीन महिने गावी कसे गेले, ते मी फोनवर ऐकले आणि दोनदा जाऊन पाहिले. पहाट झाली की पोरगा जागा होई आणि अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राही. बरोबरीची पोरे रस्त्याने धावत जात, त्यांच्या पावलांचा आवाज घरात येई. बैलगाड्यांच्या शर्यती २०१४ ते २०२१ बंद होत्या, तेव्हा घाटाकडे बघत दावणीला उभ्या असलेल्या बैलांची मला आठवण झाली. बंधू त्याला घेऊन मुद्दाम कांद्याच्या कामाला जात, पण जड काही उचलू देत नसत. त्याचे वजन चार किलो वाढले. वहिनींनी नाडी मोजायला शिकून घेतली. भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडे बघत, त्याच्या मनगटावर बोटे ठेवून, ओठ हलवत त्या मोजत आणि दिनदर्शिकेच्या चौकोनात दुधाच्या हिशेबाशेजारी आकडा लिहीत. बेचाळीस, चव्वेचाळीस, सत्तेचाळीस, एक्कावन्न. भरतीची चाचणी ज्या दिवशी होती, त्या दिवशीच्या चौकोनात दुधाचा आकडा आहे, नाडीचा नाही.

तीन महिने भरल्यावर पुन्हा तोच लेप, तोच अंधार. भिंत तेरावरून अकरावर आली होती. रुंदी एकोणसाठवरून छप्पन्न. नाडी अठ्ठावन्न. कार्डिओग्रामवरचा विलंब नाहीसा झाला होता. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "हे धावण्याचं हृदय आहे. तरी वर्षातून एकदा दाखवत जा, आणि धावताना कधी डोळ्यांपुढं अंधारी आली तर त्याच क्षणी थांब. तात्यांचं उत्तर माझ्याकडे नाही." थोरल्या बंधूंचाही इको झाला होता, तो अगदी सरळ निघाला. माझी भिंत मात्र तेरा ती तेराच. ती रक्तदाबाची असल्याबद्दल आता शंका उरली नाही, आणि शंका उरली नाही म्हणून अभिनंदन करावे अशी ती बाबही नव्हे.

वहिनी बाहेर आल्यावर माझ्याशी बोलल्या. आधी साधे, चहा घेऊ या का, असे. मग रिक्षात बसताना म्हणाल्या, "भाऊजी, बोललात ते बरं झालं. पण त्या दिवशी मला फार राग आला होता तुमचा."

"आता गेला का?"

"थोडा आहे," त्या म्हणाल्या.

पोराला पुन्हा धावायची परवानगी मिळाली, हळूहळू वाढवत. पहिल्या आठवड्यात तीन किलोमीटरला त्याला धाप लागली. पुढच्या भरतीची जाहिरात निघेल तेव्हा निघेल. भजन पुन्हा उसाच्या कडेने लांब जाते आणि परत येते. वहिनींची मोजणी थांबलेली नाही. मात्र दिनदर्शिकेतले आकडे आता उलट दिशेने चालले आहेत. परवा सकाळी मी टेकडीवरून नुकताच परतलो होतो, बुटांच्या नाड्याही सोडल्या नव्हत्या, तेवढ्यात त्यांचा फोन आला.

"भाऊजी, आज शेहेचाळीस. चांगलं ना?"

"फार चांगलं."

"आणि तुमची?"

मी मनगटावर बोटे ठेवली आणि घड्याळाकडे पाहिले. त्या पलीकडे मिनिटभर गप्प थांबल्या होत्या.